३५ मिनिटांच्या तासात नववी-दहावीला शिकवायचं कसं

वेळापत्रकात ३५ मिनिटं लिहिलेली असली तरी हातात तेवढी कधीच येत नाहीत, हे आधी मान्य करून टाका. घंटा झाली, आधीच्या सरांचं "एवढं एकच उदाहरण" संपलं, तुम्ही जिना चढून आलात, फळा पुसला, वह्या निघाल्या, त्यात पहिला तास असेल तर हजेरी. राहतात २५-२६. पाठाचं टाचण, म्हणजे तासात काय-कसं घ्यायचं ते, तेवढ्याचंच काढा. मधल्या सुट्टीनंतरचे तास बऱ्याच शाळांत अजून छोटे असतात आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेचं तर बोलूच नका, तिथे नवीन घटक सुरूच करू नये असं माझं मत.

एका तासाला एकच गोष्ट घ्या. दहावीच्या भूमितीत वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची रचना आहे ना, ती बघा. केंद्र आणि तो बिंदू जोडा, त्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढा, मध्यबिंदूवर कर्कटक ठेवून केंद्रातून जाणारं दुसरं वर्तुळ काढा, दोन्ही वर्तुळं जिथे छेदतात ते बिंदू बाहेरच्या बिंदूला जोडा, झालं. फळ्यावर तुमची ५ मिनिटं जातात पण पोरांना १५ लागतात, कारण एकाच्या पेन्सिलीला टोक नाही, दुसऱ्याच्या कर्कटकाचा स्क्रू ढिला आणि तिसरा शेजाऱ्याची कंपासपेटी मागत फिरतोय. म्हणून पोरांना तुमच्याबरोबरच काढायला लावा, आधी फळा मग वही असं नको. आणि ही स्पर्शिकाच कशी, म्हणजे अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो वगैरे, ते त्याच तासात कोंबू नका, पुढच्या तासाची पहिली ५ मिनिटं त्याला द्या, उजळणीही होते.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते उतरवून घेणं. पुस्तकात जे छापलंय ते फळ्यावर परत लिहू नका प्लीज. गृहपाठ घंटेच्या आवाजात ओरडून सांगण्यापेक्षा तास सुरू होतानाच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

जोडतास, म्हणजे एकाच विषयाचे लागोपाठ दोन तास, हवा असेल तर जूनमध्येच, वेळापत्रक लावणाऱ्या सरांना चहा पाजून सांगा, नंतर कोणी हलवत नाही. विज्ञानाच्या प्रयोगाला तो लागतोच, बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचं तर स्टँड लावणे, प्रतिमा स्पष्ट करणे, दोन-तीन वाचनं घेणे, सगळ्या गटांचं एका तासात होत नाही. मराठीच्या निबंधालाही मागा. पण इंग्रजीला रोजचा छोटा तासच बरा. जोडतास मधल्या सुट्टीच्या अलीकडे-पलीकडे तुटणार नाही एवढं बघा, आणि तो मिळाला म्हणून ७० मिनिटं लेक्चर झोडू नका, अर्धा वेळ पोरांच्या हातात द्या. त्याच वारी सुट्टी आली तर दोन तास एकदम जातात हाही तोटा आहेच.

"मग सरळ ४० मिनिटांचा तास करा ना" असं मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच. ८ गुणिले ३५ म्हणजे २८०, ७ गुणिले ४० पण २८०. शाळा सुटायची वेळ तीच ठेवली तर रोजचा एक तास गेला, आणि तो गणिताचा जात नाही हो, पीटी, चित्रकला नाहीतर लायब्ररीचा जातो. त्यामुळे कोणता तास जाणार ते आधी विचारा आणि मग हात वर करा.