सिलिंडर इम्बॅलन्सचा कोड आलाय? सेन्सर मागवायच्या आधी हे वाचा

स्कॅनरवर पी२१९ए, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण सिलिंडरांमध्ये सारखं नसल्याचा कोड, दिसला की बरेच जण लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळे होतात, आणि चार दिवसांनी तोच कोड परत. अहो, सेन्सर बिचारा फक्त चुगली करतोय. पेट्रोल इंजिनात वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं, एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा जास्त पेट्रोल नाहीतर जास्त हवा घ्यायला लागला की एक्झॉस्टमधला सिग्नल सारखा हेलकावे खातो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) तेच पकडतो. पी२१९ए म्हणजे बँक १, म्हणजे सिलिंडरची जी ओळ एक नंबरच्या सिलिंडरच्या बाजूला आहे ती, पी२१९बी म्हणजे बँक २. पी२१९सी पासून पुढचे कोड थेट सिलिंडरचा नंबरच सांगतात.

कोड पुसायची घाई नको, आधी फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणी नोंदलेले इंजिनचे आकडे) फोटो काढा, कोडबरोबर तोही उडतो. मग फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) बघा, आयडलला आणि २५०० आरपीएमला. आयडलला बराच प्लस आणि रेस दिल्यावर शून्याकडे येतोय तर कुठूनतरी हवा आत शिरतेय, मॅनिफोल्ड गॅस्केट नाहीतर व्हॅक्यूम पाइप बघा. पण ट्रिम म्हणजे अख्ख्या बँकची सरासरी, एक सिलिंडर रिच (पेट्रोल जास्त) आणि दुसरा लीन (हवा जास्त) असेल तर आकडा अगदी साळसूद दिसतो, त्यावर भुलू नका.

माझी आवडती टेस्ट म्हणजे अदलाबदल. समजा संशय दोन नंबरवर आहे, तर त्याचा इंजेक्टर तीन नंबरला टाका (आधी फ्युएल प्रेशर सोडा, इंजिन थंड असू द्या, ओ-रिंग नवीन घाला), कोड पुसून गाडी चालवा. सिलिंडरचा नंबर सांगणारा कोड तीनवर गेला तर इंजेक्टरच चोर. दोनवरच राहिला तर प्लग, कॉइल, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा. कॉम्प्रेशन कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून परत मोजा, वाढलं तर पिस्टन रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट लीक असेल तरी कोड येऊ शकतो, तेवढं बघून घ्या.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर मात्र गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. आणि ही अदलाबदल साध्या पोर्ट इंजेक्शनसाठीच (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारणारं) आहे हं, कॉमन रेल डिझेलचं प्रेशर भयंकर असतं, तिथे घरी पाना लावू नका.