जुन्या वस्तऱ्याची मूठ सांधताना

इंग्लंडमधल्या शेफील्डचा किंवा जर्मनीतल्या झोलिंगनचा जुना वस्तरा हाती आला आणि मूठ तडकलेली दिसली, तर आधी पात्याला कागदी चिकटपट्टी गुंडाळा. मग मूठ कशाची आहे ते ओळखा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. अंगठ्याने जोरात घासून हुंगा. कापराचा वास आला तर ती सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची, कारण त्यात कापूरच असतो.

सेल्युलॉइडच्या चिरेत सुईच्या टोकाने अ‍ॅसिटोनचा थेंब सोडा आणि चिमट्यात हलकेच दाबून रात्रभर ठेवा. कडा विरघळून एकजीव होतात. आच मात्र कधीच दाखवू नका, भडकन पेटतं. मूठ भुसभुशीत होऊन पात्याला गंज चढत असेल तर ती वाचवायचा मोह सोडा. सडत्या सेल्युलॉइडमधून निघणारी आम्लाची वाफ पातं खाते. लगेच वेगळी करा, नवी मूठ बसवा.

शिंगाच्या मुठीला पातळ सुपरग्लू पुरतो, चीर तो स्वतःच ओढून घेते. वाळल्यावर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरपासून २००० पर्यंत हळूहळू घासत जा.

पातं मुठीत धरणारा खिळा काढायचा असेल तर त्याचं एका बाजूचं डोकं कानशीने घासून मग ढकला. ठोकलात तर उरलेली मूठही फुटेल.