उत्साह ओसरल्यावर नेम कसा टिकवावा

गड्ड्याची यात्रा भरते त्या दिवसांत सोलापुरात पहाटे चांगला गारवा असतो आणि चालण्याचे, योगासनांचे, अभ्यासाचे संकल्प जोमाने सुरू होतात. मीही एका जानेवारीत कंबर तलावाच्या बाजूला रोज पाऊण तास चालू लागलो होतो. मार्च सरता सरता सकाळीच ऊन चटके देऊ लागले आणि माझे चालणे बंद पडले. आपल्यात जिद्दच नाही, असे तेव्हा वाटले. पुढे लक्षात आले की, नेम आखताना मी फक्त उत्साहाचे दिवस डोळ्यांसमोर ठेवले होते.

म्हणून सर्वप्रथम कंटाळ्याच्या दिवसाचे माप ठरवावे. रोज तासभर वाचायचे असेल, तर थकून घरी आल्यावर, डोके दुखत असताना किंवा पाहुणे आलेले असतानाही जेवढे जमेल तेवढे, समजा दोन पाने, हे किमान माप म्हणून वहीत लिहून ठेवावे. ते इतके लहान असावे की सबब शोधत बसण्यापेक्षा काम करून मोकळे होणे सोपे वाटावे. दोन पानांनी काय होणार, असे अनेक जण विचारतात. दोन पानांनी अभ्यासक्रम संपत नाही हे खरेच. पण पुस्तक रोज उघडले जाते, आणि दोन पानांसाठी बसलेला माणूस पुष्कळदा दहा पाने वाचून उठतो.

त्यानंतर हे काम रोज हमखास घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडावे. ‘संध्याकाळी अभ्यास करीन’ हे फार मोघम झाले. ‘अमुक घडले की मी लगेच तमुक करीन’ असे आधीच ठरवले तर हेतू कृतीत उतरणे सोपे जाते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली सविस्तर मांडले. आमच्या शेजारचे यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसले होते. दिवसपाळी आणि रात्रपाळी बदलत असल्यामुळे त्यांना घड्याळाची वेळ धरता येत नसे, म्हणून त्यांनी अभ्यास जेवणाच्या डब्याला जोडला. घरी आल्यावर डबा मोरीत ठेवायचा, हात धुवायचे आणि तिथेच भिंतीला टेकवलेला पाट घेऊन गणिताचे एक उदाहरण सोडवायचे, असा त्यांचा क्रम होता. वही आणि पेन्सिल त्या पाटामागेच ठेवलेली असे, त्यामुळे शोधाशोधीत मन फिरण्याची वेळच येत नसे.

ऋतूचा विचारही आधीच करावा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा चालण्याची वेळ सूर्योदयाआधी आणावी किंवा घरातच व्यायाम करावा, आणि हा बदल मार्चच्या आरंभीच करावा. एकदा खाडे पडू लागले की बदल करण्याची उमेदही उरत नाही.

खाडा मात्र कधीतरी पडतोच. मागावर धागा तुटला की कारागीर माग थांबवतो, तुटलेली टोके शोधून चिमटीत धरतो, गाठ मारतो आणि लगेच माग सुरू करतो. तोवर विणलेली चादर तो उसवत नाही. तसेच खाड्याच्या दुसऱ्या दिवशी फक्त किमान माप पूर्ण करावे. राहिलेले भरून काढण्यासाठी दुप्पट करू नये, कारण त्या थकव्याने तिसऱ्या दिवशी पुन्हा खाडा पडण्याचा धोका असतो.

एकवीस दिवसांत सवय लागते, हा समज मला घातक वाटतो, कारण बाविसाव्या दिवशीही कंटाळा आला की माणूस स्वतःलाच दोष देतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचे दिसले. व्यक्तीनुसार हा अंदाज १८ ते २५४ दिवस असा पसरलेला होता. एखादा दिवस चुकल्याने त्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यांना आढळले. तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करावी आणि निदान दोन महिने किमान माप वाढवू नये. नंतर दोन पानांची तीन करावीत आणि पंधरा दिवस तिथेच थांबावे.