पेन ड्राइव्ह घेण्याआधी

दुकानात गेल्यावर आपण 'किती जीबीचा आणि केवढ्याला' एवढेच विचारतो. परंतु फाइल नुसती न्यायची आहे की वर्षानुवर्षे जपायची आहे, हे आधी ठरवावे, कारण दोन्ही कामांना एकच वस्तू सहसा पुरत नाही.

ने-आण करायची असेल तर वेग पाहावा. वेष्टनावर ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा वाचण्याचा असतो, तर आपला वेळ जातो तो लिहिण्यात. लग्नाचे आठ जीबीचे चित्रीकरण सेकंदाला १० एमबी लिहिणाऱ्या ड्राइव्हवर उतरवायला तेरा मिनिटांहून अधिक लागतात, आणि १०० एमबी लिहिणाऱ्यावर दीड मिनिटही लागत नाही. मोबाइलमधूनही फाइली घ्यायच्या असल्यास एका टोकाला टाइप-सी असलेला ड्राइव्ह सोयीचा. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर चार जीबीची किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही, म्हणून फॉरमॅट करताना एक्सफॅट ही पद्धत निवडावी. मात्र गाडीतल्या जुन्या टेपला असा ड्राइव्ह अनेकदा वाचता येत नाही.

६४ जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये साधारण ५९ जीबी दिसतो, ही फसवणूक नव्हे, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. खरी फसवणूक आठवडी बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या 'दोन टीबी'च्या ड्राइव्हमध्ये असते: आतली चिप लहान, आणि ती भरली की पुढच्या फाइली नुसत्या नावाला दिसतात. म्हणून पक्के बिल घ्यावे आणि बदलून मिळण्याच्या मुदतीतच एच-टू-टेस्ट-डब्ल्यू (H2testw) या मोफत प्रोग्रामने ड्राइव्ह पूर्ण भरून तपासावा.

सातबारा छापायला दिलेला माझा ड्राइव्ह एकदा झेरॉक्सच्या दुकानातून परत आला, तेव्हा प्रत्येक फोल्डरच्या जागी शॉर्टकट होता आणि मूळ फाइली व्हायरसने लपवलेल्या होत्या. तेव्हापासून छपाईसाठी वेगळा, लहान ड्राइव्ह ठेवतो, आणि त्यात छापायची पीडीएफ सोडून काहीही नसते.

जपून ठेवण्यासाठी मात्र केवळ पेन ड्राइव्हवर विसंबू नये. फ्लॅश चिपमधील माहिती विद्युतभाराच्या रूपाने साठवलेली असते आणि उष्णतेने तो भार लवकर झिरपतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जात असताना बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ड्राइव्ह विसरणे म्हणूनच महागात पडू शकते. घरातल्या फोटोंची एक प्रत पोर्टेबल हार्ड डिस्कवर ठेवावी आणि दुसरी घराबाहेर, उदाहरणार्थ धुळ्याला राहणाऱ्या भावाकडे, असावी. दिवाळीला आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही प्रती संगणकाला जोडून पाच-दहा फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात, कारण नुसती नावे दिसली म्हणजे फोटो शाबूत आहेत असे होत नाही.