कादंबरी लिहून झाली, आता नाव काय ठेवायचं?

चारशे पानं लिहून होतात आणि कव्हरवर टाकायचे दोन शब्द सुचत नाहीत, ही तक्रार नव्या लेखकांकडून इतक्या वेळा ऐकलीय की आता मी उलट विचारते, शोधलंत कुठे? बहुतेकांनी शोधलेलंच नसतं, ते सुचायची वाट बघत बसलेले असतात, आणि मग जे सुचतं ते 'मृगजळ', 'ऋणानुबंध', 'क्षितिजापलीकडे' नाहीतर 'नात्यांची वीण' यातलंच काहीतरी. या नावांत तसं वाईट काही नाही हो, पण ती शेजारच्या लेखकाच्या कादंबरीवर चिकटवली तरी कोणाला पत्ता लागणार नाही. माझं म्हणणं एवढंच की चांगलं नाव बहुतेक वेळा हस्तलिखितातच कुठेतरी पडलेलं असतं, ते हुडकून काढायचं असतं, आणि हुडकायची एक सरळ पद्धत आहे.

आधी कामचलाऊ नाव द्या आणि विसरून जा

लिहायला बसताना फाईलला काहीतरी नाव द्यावंच लागतं, तर 'वाटणी', 'गावची कादंबरी', 'नवीन 2' काहीही द्या. पहिल्या प्रकरणाच्या आधीच भारी नाव ठरवून बसलात तर मग सगळी कादंबरी त्या नावाला शोभावी म्हणून वाकवत बसाल. मोठमोठ्या लोकांची पुस्तकंसुद्धा दुसऱ्याच नावाने वाढलीत. टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस'चा सुरुवातीचा भाग मासिकात आला तेव्हा त्यावर नाव होतं '1805', नुसतं साल. जेन ऑस्टिनने 'फर्स्ट इम्प्रेशन्स' म्हणून जे लिहिलं होतं ते 1813 मध्ये 'प्राइड अँड प्रेज्युडिस' होऊन बाहेर आलं. आणि जोसेफ हेलरची गंमत तर याहून भारी, त्याच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण 1955 मध्ये 'कॅच-18' या नावाने छापून आलं होतं, पण पुस्तक निघायच्या वर्षी, म्हणजे 1961 ला, लिऑन युरिसची 'मिला 18' येतेय असं कळलं, दोन पुस्तकांवर एकच आकडा नको म्हणून शोधाशोध झाली आणि शेवटी 22 ठरलं. आज लोक 'कॅच-22' हा शब्द पुस्तक न वाचताही वापरतात! तेव्हा कामचलाऊ नावाच्या प्रेमात पडू नका.

प्रिंटआउट घ्या, पेन्सिल घ्या

खरं काम इथे आहे. मसुदा पूर्ण झाला की थोडे दिवस बाजूला ठेवा आणि मग कागदावर वाचा, स्क्रीनवर नको. वाचताना भाषा सुधारायची नाही, शुद्धलेखन बघायचं नाही, फक्त खुणा करत जायच्या. कशावर? एक, ज्या वस्तू तुमच्या नकळत पुन्हा पुन्हा येतात त्यांच्यावर. दोन, कादंबरीत जे जे लिहिलेलं किंवा छापलेलं दिसतं, पाट्या, पत्रिका, नोटिसा, पावत्या, सरकारी कागद, त्यातल्या शब्दांवर. तीन, एखादं पात्रच बोलू शकेल अशा वाक्यांवर. आणि चार, जिथे तुम्ही स्वतःच वाचताना थबकलात त्या जागांवर, कारण कळलं नाही तरी चालेल.

उदाहरण घेऊ म्हणजे नुसतं तत्त्वज्ञान होणार नाही. समजा तुमची कादंबरी कोकणातल्या एका घराच्या वाटणीवर आहे. दोन भाऊ, थोरला डोंबिवलीला, धाकटा गावी, आणि मधली बहीण लग्न होऊन चिपळूणला गेलेली, जिला वाटणीच्या कुठल्याच बैठकीत कोणी काही विचारत नाही. फाईलचं नाव अर्थातच 'वाटणी'. पेन्सिल घेऊन बसलात आणि हाताला लागलं ते असं: विहिरीचा रहाट सारखा येतोय. कागदपत्रांत 'सामाईक विहीर' हा शब्द आहे. धाकटा भाऊ बहिणीला दारातच म्हणतो, 'तू कशाला आलीस?' आणि एका प्रकरणात बहीण तलाठ्याकडून सातबारा काढते, वर भोगवटादार, म्हणजे मालक म्हणून दोघा भावांची नावं आणि तिचं नाव बाजूच्या रकान्यात, इतर हक्कात.

आता एकेक तपासू. 'वाटणी' हे घडतं काय ते सांगतं, म्हणजे बातमीचा मथळा झाला. 'रहाट' छान वाटतं, पण कोकणातल्या कुठल्याही घराला चालेल. 'सामाईक विहीर' ठीक आहे, त्यात थोडा उपरोधही आहे, पण थंड आहे. 'तू कशाला आलीस' मध्ये आवाज आहे, कान टवकारतात, पण तो आवाज भावाचा आहे आणि कव्हरवर त्याचा आवाज आला की कादंबरी त्याची होऊन बसते. राहिलं 'इतर हक्कात'. ज्याने आयुष्यात एकदा तरी सातबारा हातात धरलाय त्याला हे नाव बघताक्षणी कळेल, ज्याने धरला नाही त्याला वाटेल की हे काय बुवा, आणि दोघंही पुस्तक उलटून मागचा मजकूर वाचतील.

पण यातली खरी गोम पुढे आहे. 'इतर हक्कात' हे नाव तुम्हाला आवडलं याचाच अर्थ तुमच्या डोक्यात ही कादंबरी बहिणीची आहे. मग थोरल्या भावाच्या डोंबिवलीच्या ऑफिसची ती सलग तीन प्रकरणं तिथे काय करतायत? नाव शोधायला बसलेल्या माणसाला कादंबरीत काय जास्तीचं आहे ते असं आयतं सापडतं, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यात प्रकाशकाचा फोन आल्यावर करू नका, शेवटच्या ड्राफ्टच्या आधी करा.

कोणाचं नाव द्यायचं

यादी हातात आली की दिसेल की नावांच्या काही ठरलेल्या जाती असतात. माणसाचं नाव ही सगळ्यात जुनी. अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' घ्या, एकच शब्द, बाकी काही सांगायची गरजच नाही. पण नुसतं व्यक्तीचं नाव देताना ते नाव कानाला वेगळं लागायला हवं, 'सुनील' किंवा 'स्वाती' असं नाव घेऊन शेल्फवर कोण थांबणार. श्री. ना. पेंडश्यांनी नावाला गाव जोडलं, 'गारंबीचा बापू', आणि बापूसारखं घरोघरी असणारं नावही एकदम एकाच माणसाचं झालं. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये तर ज्या बाईवर पुस्तक आहे तिचं नावच कव्हरवर नाही, फक्त नातं आहे, कारण ती आपल्याला दिसते ती मुलाच्याच नजरेतून.

गावाचं नाव द्यायचं तर गावच मुख्य पात्र असलं पाहिजे. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त कथा सांगणारा मास्तर आहे खरा, पण दुष्काळ पडून वस्ती उठते तेव्हा जे संपतं ते गाव असतं, म्हणून ते नाव बरोबर बसतं. तुमची गोष्ट पुण्यात घडते एवढ्यावरून पुस्तकाला पुणे नाव देऊ नका.

मग येतात थेट न बोलणारी नावं. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' 1939 ची. जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू घेऊन एक बोट युरोपातून पूर्वेकडे निघालीय, चक्रधर आणि हॅर्टाची गोष्ट, सगळं बोटीवर. रणांगण कुठेच दिसत नाही, आणि नाव मात्र तेच. असं नाव द्यायला हिंमत लागते आणि कादंबरीत तेवढा ऐवजही लागतो, नाहीतर 'वादळ', 'वणवा', 'ज्वालामुखी' अशी नावं देऊन आत नुसता सासू-सुनेचा अबोला निघतो.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतात ती बोललेल्या वाक्याची नावं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' 1890 पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः आली, यमू स्वतःची गोष्ट सांगतेय, आणि नावाची सुरुवातच 'पण'ने होते! म्हणजे आधी कुणीतरी बरंच काही बोलून झालेलं आहे, ते आपण ऐकलेलं नाही, आणि बोलणारीला माहितीय की पुढेही कोणी ऐकणार नाही. शेवटच्या उद्गारचिन्हासकट त्या चार शब्दांत तिचा सूर आहे. श्याम मनोहरांचं 'उत्सुकतेने मी झोपलो' हेही वाक्यच, पण तिरकं, कारण उत्सुकतेने माणूस जागा राहतो ना? आणि किरण नगरकरांचं 'सात सक्कं त्रेचाळीस' तर शाळेत पाढे घोकलेल्या कुठल्याही माणसाला खुपतंच, बेचाळीस म्हणायला जीभ वळवळते. 1974 चं पुस्तक आहे, अजूनही कोणाला नाव सांगितलं की समोरचा आधी चूक दुरुस्त करतो. ही युक्ती मात्र एकदाच चालते, आता तुम्ही 'आठ नव्वे त्र्याहत्तर' काढलंत तर लोक हसतील.

उसनं घ्यायचं असेल तर जिथून घेताय तिथलं वजन पेलणार का ते बघा. रणजित देसायांनी 'श्रीमान योगी' हे समर्थांच्या 'निश्चयाचा महामेरू' या ओळींच्या आधाराने घेतलं, मेघना पेठ्यांनी 'नातिचरामि' थेट लग्नाच्या मंत्रातून उचललं आणि त्या शपथेलाच समोर उभं करून प्रश्न विचारले. संतवाङ्मय, म्हणी, ओव्या, आरत्या सगळ्यांच्या मालकीच्या. आधुनिक कवीची ओळ घेणार असाल तर त्याच्या हयातीनंतर 60 वर्षं कॉपीराइट चालतो हे लक्षात ठेवा, दोन शब्दांसाठी कोणी कोर्टात खेचणार नाही बहुधा, पण विचारणं आणि पुस्तकात ऋणनिर्देश करणं हे बरं दिसतं.

नाव तोंडात घोळवून बघा

मराठीत नावाची एक परीक्षा अशी आहे जी इंग्रजी पुस्तकांतल्या टिप्समध्ये मिळणार नाही. आपल्याकडे नाव नुसतं राहत नाही, त्याला प्रत्यय लागतात. 'बनगरवाडीतला मास्तर', 'फकिरातला तो प्रसंग' असं लोक बोलणार. तर तुमचं नाव 'ची', 'तला', 'मध्ये' लावून पाच-सहा वाक्यांत मोठ्याने बोलून बघा. 'इतर हक्कात' इथे जरा अडखळतं, 'इतर हक्कातमध्ये' कानाला बोचतं, मग 'इतर हक्क' करायचं का? तेवढी धार जाते, पण बोलायला सोपं होतं. मी असते तर 'इतर हक्क' केलं असतं, तुमचं मत वेगळं असू शकतं.

मग फोनवर सांगून बघा, रेंज धड नसताना. समोरच्याने दोनदा 'काय?' विचारलं तर विचार करा, कारण दुकानात पुस्तक मागणारा माणूस असंच सांगणार आहे. आणि आजकाल बरेच लोक मराठी पुस्तकसुद्धा रोमन अक्षरांत टाइप करून शोधतात, तेव्हा ज्ञ, ळ, ऋ असलेलं नाव चार जण चार पद्धतींनी लिहितील. म्हणून ती अक्षरं टाळा असं नाही म्हणत, कविता महाजनांची 'ब्र' तर एका अक्षराची आहे आणि पंचायतीत निवडून आलेल्या बायकांवरच्या कादंबरीला याहून नेमकं नाव शोधून सापडलं नसतं. फक्त असं नाव घेतलंत तर सगळीकडे लेखकाचं नाव सोबत येईल याची काळजी घ्या.

एक करू नका, व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल टाकू नका. तिथे सगळ्यालाच अंगठा मिळतो आणि मावशीला नेहमी सगळ्यात गोड नाव आवडतं. त्यापेक्षा दोन-तीन वाचणाऱ्या माणसांना पाच नावं एकदा ऐकवा, मत विचारूच नका, आणि आठवड्याने विचारा, त्यातलं कुठलं आठवतंय?

हे नाव आधीच कोणी वापरलंय का

बुकगंगा, ॲमेझॉन आणि एखाद्या मोठ्या ग्रंथालयाची सूची एवढं तपासलं तरी पुरतं. सापडलं तर लगेच घाबरू नका. नुसत्या शीर्षकावर आपल्याकडे कॉपीराइट नसतो, 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने 'देसी बॉईज' सिनेमाच्या केसमध्ये हेच सांगितलं. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' कर्णावरची, 1967 ची, आणि असमियात वीरेंद्रकुमार भट्टाचार्य यांची 'मृत्युंजय' वेगळीच, स्वातंत्र्यलढ्यावरची, तिला 1979 चं ज्ञानपीठ मिळालं. दोन्ही सुखाने नांदतायत. पण भाषा वेगळी होती हे विसरू नका. मराठीतच, तुमच्याच विषयावर, गेल्या काही वर्षांत त्याच नावाचं पुस्तक आलेलं असेल तर कायदा काही म्हणो, लोक गोंधळणारच, तेव्हा बदला.

मालिका लिहिणार असाल तर पहिल्याच पुस्तकाला असं नाव द्या की पुढची त्याच चालीत बसतील. नेमाड्यांची चांगदेव या नायकावरची चार पुस्तकं 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल', सगळी एका शब्दाची, एका श्वासात म्हणता येतात. त्याच लेखकाने 2010 मध्ये 'हिंदू'ला 'जगण्याची समृद्ध अडगळ' असं उपशीर्षक जोडलं. उपशीर्षक असं स्वतःचं काहीतरी बोलणारं असेल तरच घ्या, 'एका स्त्रीच्या संघर्षाची कहाणी' छापाचं असेल तर ती जागा रिकामी बरी.

प्रकाशक नाव बदला म्हणाला तर लगेच फुगून बसू नका, त्याला दुकानदार काय म्हणतात ते माहीत असतं, पण अंतिम संमती लेखकाची राहील हे करारात लिहून घ्या. त्याच्यासमोर एकच नाव घेऊन जाऊ नका, पेन्सिलच्या यादीतली तीन घेऊन जा आणि प्रत्येक नाव कुठल्या पानावरून आलं तेही सांगा. कव्हर करणाऱ्याला नाव लवकर द्या, कारण अक्षरं कशी काढायची यावर त्याचं अर्धं काम असतं, आणि पुस्तक सव्वाशे पानांचं असेल तर कण्यावर सात शब्द मावणार नाहीत. नक्की झाल्यावर आयएसबीएनच्या, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाच्या अर्जात, करारात, आतल्या पानावर, कण्यावर आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावर नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे ना ते स्वतः बघा, उद्गारचिन्ह असेल तर तेसुद्धा.