क्लीव्हलंडला घर घेऊन भाड्याने देणार असाल तर

गेली दोन-तीन वर्षं मंडळाच्या गणपतीत मला एकच प्रश्न सारखा येतो. "ताई, तुमच्याकडे घरं स्वस्त आहेत म्हणे. एखादं घेऊन भाड्याने लावलं तर?" विचारणारे बहुतेक न्यू जर्सीहून किंवा कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून नुकते आलेले असतात. काही जण तर अजून तिथेच आहेत आणि फोटो बघून, फोनवरच व्यवहार उरकायच्या बेतात आहेत. प्रसादाची वाटी हातात घेऊन पाच मिनिटांत हे सांगून होत नाही, म्हणून लिहून काढते.

आम्ही २००९ साली न्यू जर्सीतल्या एडिसनहून इथे, ओहायोतल्या क्लीव्हलंडला आलो. एडिसनला ज्वारीच्या पिठापासून गुरुजींपर्यंत सगळं हाताशी होतं, फक्त घर हाताशी येत नव्हतं. न्यू जर्सीची घरपट्टी देशात सगळ्यांत चढी. मला इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली आणि आम्ही निघालो. तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. आपल्या माणसांची एक सवय मला मनापासून खटकते: चार ओळखीचे जिथे गेले तिथेच जायचं, आणि त्यांनी जे घेतलं तेच घ्यायचं. एका ग्रुपमधल्या सात-आठ कुटुंबांनी टेक्सासमध्ये एकाच वसाहतीत भाड्यासाठी घरं घेतली. तिथे राज्याचा आयकर नाही, एवढंच सगळ्यांनी ऐकलं होतं. घरपट्टी किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास, नव्या वसाहतीत त्याहून जास्त, आणि स्वतः राहणाऱ्याला मिळणारी सूट भाड्याच्या घराला नाही, हे बिल आल्यावर कळलं. शिवाय एकाच गल्लीत सगळ्यांची घरं एकदम भाड्याला निघाली, तेव्हा भाडं उतरवायची चढाओढ आपसातच लागली.

आता क्लीव्हलंड स्वस्त का, ते आधी समजून घ्या. १९५० साली या शहरात ९ लाख १४ हजार माणसं होती. २०२० च्या जनगणनेत ३ लाख ७२ हजार उरली. पोलादाचे कारखाने आटले, माणसं उपनगरांत गेली, घरं मागे राहिली. २००७-०८ मध्ये कर्जं बुडाली तेव्हा स्लाव्हिक व्हिलेजसारख्या वस्त्या देशात सगळ्यांत जास्त पोळल्या. त्यानंतर हजारो घरं पाडावी लागली. म्हणून इथे एखादं घर पन्नास-साठ हजार डॉलरला दिसलं की हरखून जाऊ नका. त्या किमतीत घर नाही, त्या घराची राहिलेली कामं मिळतात. दुसऱ्या बाजूने, हॉस्पिटलं आणि विद्यापीठं इथे भक्कम आहेत. नर्स, रेसिडेंट डॉक्टर, लॅबची माणसं यांना कामाजवळ नीटनेटकं घर हवंच असतं. भाडेकरूंची वाण नाही, म्हणून मी हे शहर सोडून दुसरीकडे पैसा घालत नाही.

पण शहर निवडून भागत नाही, गल्ली निवडावी लागते. शेजारच्या लेकवूड उपनगरात एक रस्ता झाडाझुडपांचा, सगळ्या पोर्चवर कुंड्या. दोन चौक पुढे गेलं की तीन खिडक्यांना प्लायवूड ठोकलेलं. हे नकाशावर दिसत नाही. एकदा दुपारी जा, एकदा मंगळवारी रात्री नऊला जा, गाडी लावून अर्धा तास बसा. शेजारच्या घराची पन्हळ लोंबतेय का बघा. आणि काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, साइटवर जाऊन त्या घराची कुंडली काढा. आपल्याकडे सातबारा ऑनलाइन मिळतो, तसंच हे. पण इथे मागच्या विक्रीचे भाव आणि घरपट्टी थकलीय का, तेही कोणालाही फुकट दिसतं. या देशाची ही गोष्ट मला फार आवडते. एवढं उघडं असताना आपली शिकलेली माणसं ते न बघता सही करतात, याचं मात्र वाईट वाटतं.

इथलं खास घर म्हणजे 'डबल'. खाली एक बिऱ्हाड, वर एक, दोन्हींचा आराखडा सारखा, पुढे दोन मजली पोर्च. शंभर वर्षांपूर्वीची लाकडी घरं. नवीन माणसाने पहिलं घर हेच घ्यावं, खाली राहावं आणि वरचं भाड्याने द्यावं असं माझं ठाम मत आहे. स्वतः राहणार असाल तर साध्या कर्जावर पाच टक्के डाऊन पेमेंटमध्येही दोन बिऱ्हाडांचं घर मिळू शकतं. निव्वळ भाड्यासाठी घेतलं तर बँक पंचवीस टक्क्यांच्या आसपास मागते. साडेतीन टक्के डाऊन पेमेंटचं, सरकारी हमीचं एफएचए कर्ज मे २०२५ पासून एच-वन-बी व्हिसावाल्यांना बंद झालंय, त्यामुळे जुने लेख वाचून हिशेब मांडू नका.

आता जे सांगायला बसले ते.

२०१४ च्या शरदात आम्ही १९२२ सालचं एक डबल घेतलं. इन्स्पेक्शन रीतसर केलं होतं. चाळीस पानांचा अहवाल आला: छप्पर ठीक, घर गरम ठेवणारी भट्टी ठीक, वायरिंग बदललेलं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं की जमिनीखालचा सांडपाण्याचा पाईप तपासलेला नाही. ती ओळ मी वाचली आणि पान उलटलं.

फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडली. एका पहाटे खालच्या भाडेकरणीचा फोन आला. ती नर्स, रात्रपाळीहून नुकती आलेली. बेसमेंटच्या जमिनीतल्या जाळीतून पाणी वर येत होतं, आणि ते वरच्या बिऱ्हाडाच्या संडासाचं होतं. मी पोचले तेव्हा तिच्या मुलाच्या खेळण्यांचा खोका त्यात तरंगत होता. प्लंबरने पाईपात कॅमेरा सोडला आणि छोटा पडदा माझ्यापुढे धरला. न्हाणीच्या जाळीत केसांचा गुंता अडकावा तसा मुळांचा दाट पुंजका पाईपभर दिसला. दारातल्या मेपलची मुळं ती. जुन्या घरांचे हे पाईप भाजक्या मातीचे असतात, दोन-तीन फुटी तुकडे जोडलेले. मुळं पाण्याच्या ओढीने सांध्यांतून आत शिरतात. गोठलेली जमीन खणून, पायवाट फोडून नवा पाईप घालायला ९,४०० डॉलर लागले. आपल्या आवारातला सांडपाण्याचा पाईप मालकाचा असतो, महापालिकेचा नाही. विमा कंपनीने हात वर केले, कारण सांडपाणी उलटं येणं साध्या पॉलिसीत नसतं. त्याचं वेगळं कलम मागून घ्यावं लागतं, आणि ते वर्षाकाठी थोडक्यात मिळतं.

कॅमेऱ्याची तपासणी दोन-तीनशे डॉलरची आहे. सही करण्याआधी ती करा. घर नवीन रंगवलेलं असलं तरी करा. विकणाऱ्याने "मागच्याच वर्षी पाईप साफ केला" असं सांगितलं तर नक्कीच करा, कारण ज्याला पाईप साफ करावा लागतो त्याच्या पाईपात बहुधा मुळं असतात. गेल्या वर्षी सनीव्हेलहून आलेल्या एका जोडप्याला मी हे तीन वेळा सांगितलं. दुसरा कोणी घर पळवेल म्हणून त्यांनी सगळीच तपासणी सोडून दिली. नोव्हेंबरमध्ये त्यांचा फोन आला, आणि मी तोच प्लंबर पाठवला.

शिसं हा दुसरा विषय. १९७८ च्या आधीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो, आणि जुन्या खिडक्या उघडता-मिटताना त्याची पूड पडते. रांगतं मूल ती बोटांनी तोंडात घालतं. क्लीव्हलंडने २०१९ साली कायदा केला: इतकं जुनं घर भाड्याने द्यायचं तर शिशापासून सुरक्षित असल्याचा दाखला हवा. काही जण याला कटकट म्हणतात. मी लॅबमध्ये काम करते, मुलांच्या रक्ताचे ते आकडे बघते, म्हणून मला ही कटकट वाटत नाही. खिडक्या बदला.

भाड्याचा हिशेब असा करा: येणाऱ्या भाड्यातलं निम्मं बाजूला ठेवा. घरपट्टी, विमा, पाणी, दुरुस्ती, रिकामा महिना यांत ते जातं. कर्जाचा हप्ता उरलेल्या निम्म्यातून निघतो का बघा. ओहायोत घरपट्टी वर्षभर मागून भरतात, तेव्हा क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पुरा होताना, विकणाऱ्याच्या वाट्याची रक्कम वळती करून घ्या. २०२४ च्या फेरमूल्यांकनात या काउंटीतल्या घरांच्या सरकारी किमती सरासरी तीस टक्क्यांहून जास्त वाढल्या, म्हणून जुन्या मालकाचं बिल प्रमाण मानू नका.

आणि घसाऱ्याने, म्हणजे घर जुनं होतं म्हणून दरवर्षी हिशेबात धरायच्या घटीने, पगारावरचा कर वाचेल असं कोणी सांगत असेल तर थांबा. घराची किंमत, जमीन वगळून, साडेसत्तावीस वर्षांत घसाऱ्यात धरता येते हे खरं. पण भाड्यातला तोटा पगारातून वजा करायची २५ हजारांची सवलत दीड लाख डॉलर उत्पन्नाला संपते. दोघंही आयटीत असाल तर तो तोटा पुढच्या वर्षांकडे ढकलला जातो, त्या वर्षी हाती काही येत नाही. व्हिसावर असाल तर घराची मालकी आणि भाडं चालतं. रोजचा कारभार मात्र मॅनेजरकडे द्या आणि आधी वकिलाला विचारा.

शेवटचं, आणि हे आपल्याच लोकांसाठी. ग्रुपवर जाहिरात येते: "फक्त मराठी कुटुंबाला", "लहान मुलं नकोत". इथे हे १९६८ पासून बेकायदा आहे, मुलांच्या बाबतीत १९८८ च्या दुरुस्तीपासून. मूळ देश, धर्म, वर्ण, मुलंबाळं यावरून भाडेकरू नाकारता येत नाही, आणि तुम्ही स्वतः त्याच घरात राहत असलात तरी अशी जाहिरात देता येत नाही. पुण्यात घर शोधताना आडनाव सांगितल्यावर फोन ठेवून दिल्याचा अनुभव ज्यांनी घेतलाय, त्यांनी तरी इथे येऊन हे करू नये. पगाराची पावती बघा, आधीच्या मालकाला फोन करा, सगळ्यांना तीच पट्टी लावा. ती नर्स पाईपाच्या त्या प्रकरणानंतर सोडून जाईल असं आम्ही धरून चाललो होतो. आम्ही तिला दोन आठवडे हॉटेलात ठेवलं, भिजलेल्या सामानाचे पैसे दिले. ती अजून तिथेच राहते. मुलगा आता हायस्कूलला आहे आणि बर्फ पडला की आमच्या आधी तोच पायवाट साफ करतो.