जर्मनीच्या आठवडी बाजारात हंगाम बघून खरेदी कशी करावी आणि मग कुठे जेवावं

जर्मनीत नव्याने आलेली आपली माणसं भाजी घेतात ती बहुतेक सुपरमार्केटात. तिथे टोमॅटो बारा महिने मिळतो, पण जानेवारीतल्या टोमॅटोला चव नसते. मीही पहिलं वर्ष तसंच काढलं. आठवडी बाजार कळला तेव्हा कुठे इथलं जेवण आवडायला लागलं. नोकरी-शिक्षणासाठी आलेल्यांना आणि आठ दिवस फिरायला आलेल्यांनाही उपयोगी पडेल अशा बेताने हे लिहिते आहे.

आधी वार आणि वेळ बघा. इथल्या आठवडी बाजाराला ‘वोखनमार्क्ट’ म्हणतात. शब्दशः अर्थही तोच. लहान गावात तो आठवड्यातून एकदोनदा, सकाळी भरतो आणि दुपारी एकच्या सुमारास उठतो. म्युनिकचा व्हिक्टुआलिएनमार्क्ट आणि फ्रायबुर्गच्या मोठ्या चर्चभोवतीचा बाजार मात्र रविवार सोडून रोज असतो. रविवारी बाजार बंद आणि बहुतेक दुकानंही बंद, त्यामुळे शनिवारची सकाळ चुकवू नका. पिशवी न्या आणि रोख पैसे न्या. बऱ्याच गाड्यांवर कार्ड चालत नाही.

पहिली चक्कर रिकाम्या हाताने मारा. या चकरेत फक्त पाट्या वाचायच्या. भाजी-फळांवर ती कुठल्या देशातून आली ते सहसा लिहिलेलं असतं. ‘आउस आयगनेम आनबाउ’ असं दिसलं की माल विकणाऱ्याच्या स्वतःच्या शेतातला आहे. फ्रायबुर्गला हे आणखी सोपं आहे. चर्चच्या उत्तरेकडे आसपासचे शेतकरी बसतात, दक्षिणेकडे व्यापारी. व्हिक्टुआलिएनमार्क्टची कथा १८०७ सालापासूनची. शहराच्या मुख्य चौकात बाजार मावेना, म्हणून राजाने तो शेजारी हलवला. बघायला तो सुंदर आहे, पण महाग. रोजच्या भाजीसाठी आपल्या वस्तीतला बाजार शोधा.

मालाला हात लावू नका. आपल्याला भेंडी मोडून बघायची, वांगं दाबून बघायची सवय. इथे ते चालत नाही. पहिल्यांदा मी एका गाडीवर टोमॅटो चाचपून बघितले आणि विकणाऱ्या बाईंनी सगळ्यांसमोर सुनावलं. तेव्हा वाईट वाटलं, पण आता रीत पटते. निवडायचं काम विकणाऱ्याचं आणि जबाबदारीही त्याचीच. तुम्ही फक्त कशासाठी हवंय ते सांगा: आज खायला की दोन दिवसांनी, सूपसाठी की सॅलडसाठी. त्याप्रमाणे तो काढून देतो. भाव होत नाही आणि वर कोथिंबिरीची काडीही मिळत नाही. मापं मात्र ओळखीची आहेत: ‘प्फुंट’ म्हणजे अर्धा किलो, ‘बुंट’ म्हणजे जुडी, ‘श्ट्युक’ म्हणजे नग. ‘झुपनग्र्युन’ नावाची एक जुडी मिळते. तीत गाजर, लीक, सेलरीचा कंद असं सूपला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं असतं. एकट्या माणसाला फार सोयीची.

आता हंगाम. सगळ्यात मोठा हंगाम श्पार्गलचा, म्हणजे पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचा. आपल्याकडे हापूसची जशी वाट बघतात तशी इथे याची बघतात. कोंब मातीच्या उंच वरंब्याखाली वाढतो, ऊन लागत नाही म्हणून पांढरा राहतो. डोकं वर काढायच्या आत तो हाताने खणून काढावा लागतो, म्हणूनच त्याचा भाव चढा. एप्रिलच्या मध्याला तो बाजारात येतो आणि २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, काढणी थांबते. त्यानंतरचे कोंब वाढू द्यायचे, म्हणजे त्यांना हिरवा पाला फुटतो आणि पुढच्या वर्षीची ताकद मुळात साठते. ‘किर्शन रोट, श्पार्गल टोट’ अशी इथे म्हण आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर चेरी झाली लाल, की श्पार्गलचा संपला काळ.

घेताना कापलेलं टोक बघा. ते ओलसर हवं, सुकून तपकिरी झालेलं नको. ताजे कोंब एकमेकांवर घासले की कुरकुर आवाज येतो. विकणाऱ्याला सांगा, तो आनंदाने घासून दाखवतो. जाड, सरळ कोंब वरच्या प्रतीचे आणि महाग. वाकडे-बारीक स्वस्त असतात आणि चवीला तसेच लागतात, तेव्हा घरी खायला मी तेच घेते. मुख्य जेवणाला माणशी अर्धा किलो धरा.

घरी आणल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि एकदोन दिवसांत संपवा. शेंड्याच्या जरा खालून सुरुवात करून बुडाकडे सोलत जा. यात हात आखडता घेऊ नका, साल राहिली तर दातात दोरे येतात. बूड दोन सेंटीमीटर कापून टाका. पाण्यात मीठ, चिमूटभर साखर आणि लोण्याचा तुकडा घालून दहा ते पंधरा मिनिटं शिजवा. सुरी सहज आत गेली की झालं. सोबत उकडलेले बटाटे आणि वितळलेलं लोणी. सालं टाकू नका, त्यांच्या पाण्याचं सूप होतं.

बाकी हंगाम थोडक्यात. मे-जूनमध्ये स्ट्रॉबेरी, गावाबाहेर स्वतः तोडून घ्यायची शेतं असतात, तिथे जाच. उन्हाळ्यात पिवळी फिफरलिंग अळंबी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्स्वेचगन नावाचे लांबट आलुबुखार, केकसाठी. सप्टेंबरपासून भोपळे, आणि ‘फेडरवायसर’ ही अजून फसफसत असलेली नवी वाइन. तिच्या बाटलीचं झाकण मुद्दाम सैल असतं, म्हणून पिशवीत उभीच ठेवा. थंडीत ग्र्युनकोल, म्हणजे कुरळ्या पानांचा केल.

खरेदी झाली की जेवण. रेस्टॉरंटात पाणी आपसूक येत नाही. मागितलं की बहुधा बाटली येते, तिचे पैसे पडतात. साधं, म्हणजे बिनगॅसचं हवं तर ‘श्टिल’ म्हणा. टेबलावर ‘श्टामटिश’ अशी पाटी असेल तर बसू नका. ते नेहमीच्या मंडळींचं राखीव टेबल आहे. शाकाहारी असाल तर दर वेळी विचारा, कारण परतलेल्या बटाट्यात आणि मसुरीच्या सूपमध्येही डुकराचं मांस असू शकतं. बिल मागितल्याशिवाय येत नाही. टिप टेबलावर ठेवून जायची रीत नाही. बिल २७ युरो झालं तर पैसे देताना ‘३० घ्या’ म्हणायचं.

म्युनिकला असाल तर मात्र माझं ऐका, बिअरगार्टनमध्ये, म्हणजे झाडांखाली उघड्यावर बसून बिअर प्यायच्या बागेत जा. तिथे स्वतःचा डबा नेऊन खायची परवानगी आहे आणि ती जुनी आहे. बिअर गाळणाऱ्यांनी आपल्या बिअरच्या तळघरापाशी बिअर विकावी पण जेवण विकू नये, असा हुकूम १८१२ मध्ये निघाला होता, म्हणून लोक शिदोरी घेऊन येऊ लागले. खूण एवढीच लक्षात ठेवा: टेबलावर कापड असेल तर तिथे वाढपी येतो आणि जेवण त्यांचंच घ्यायचं. उघड्या लाकडी टेबलावर आपला डबा चालतो, पेय तेवढं तिथलं घ्यावं लागतं. बिअर नको असेल तर सफरचंदाच्या रसात सोडा घातलेलं ‘आप्फेलशोर्ले’ मागा. व्हिक्टुआलिएनमार्क्टच्या मधोमधही चेस्टनटच्या झाडांखाली असं बिअरगार्टन आहे. जूनमधल्या एका शनिवारी आम्ही तिथे थालीपीठ, लसणाची चटणी आणि नुकतीच घेतलेली स्ट्रॉबेरी मांडून बसलो होतो. ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’, म्हणजे ‘इथे जागा आहे का?’ असं विचारून एक आजी-आजोबा समोर बसले, त्यांनी मुळा आणि चीज काढलं. थालिपीठाचा तुकडा त्यांच्याकडे गेला, मिठात घोळवलेला मुळा आमच्याकडे आला.